फॉर्मवरील यादी आणि डेटाबेसमधील नोंद : नाव व संकेतांक यांच्या जोडणीचा विचार

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या संगणकीकृत प्रवेश अर्जात विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते असे फार थोडे असते. नाव, पत्ता, जन्मतारीख, दूरध्वनी क्रमांक एवढे सोडले तर बाकीची बहुतेक माहिती लिहावयाची नसून निवडावयाची असते. जिल्हा, तालुका, प्रवर्ग, माध्यम, शाखा, विषयगट ही सर्व माहिती फॉर्मवरील लहानशा यादीतून येते. ही यादी फॉर्मच्या मालकीची नसते. डेटाबेसमधील एखाद्या संदर्भ टेबलमधून नोंदी वाचून ती फॉर्म उघडताना तयार केली जाते आणि विद्यार्थ्याने निवड केल्यानंतर त्याच्या नोंदीत जे साठते, ते यादीत दिसलेले नाव नसून बहुधा त्या नावाचा संकेतांक असतो. डोळ्यांना 'नाशिक' दिसते. टेबलमध्ये एक अंक जातो.

नाव आणि संकेतांक यांची ही जोडणी बिनचूक असेल तर तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. ती सुटली तर मात्र चुकीची सूचना देणारा कोणताही संदेश पडद्यावर येत नाही, कारण चुकीचा संकेतांक हाही एक वैधच संकेतांक असतो. परिणाम दिसतो तो काही महिन्यांनी, जेव्हा एखाद्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडते किंवा परीक्षेच्या प्रवेशपत्रावर त्याने न घेतलेला विषय छापून येतो. प्रवेश समितीवर काम करणारे, माहितीचे तक्ते तयार करणारे आणि संगणक विषयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करणारे प्राध्यापक या सर्वांचा या यादीशी दरवर्षी संबंध येतो. त्या दृष्टीने लिस्ट बॉक्स, कॉम्बो बॉक्स यांसारख्या कंट्रोलमध्ये डेटाबेसमधील नोंदी कशा येतात आणि ही जोडणी कोठे सुटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव पुरेसे का नाही :

यादीत दिसलेले नावच जसेच्या तसे का साठवू नये, असा प्रश्न प्रथम पडतो. लहान कामापुरते तसे चालतेही. परंतु नाव हे ओळख म्हणून विश्वासार्ह नसते, याची उदाहरणे महाराष्ट्राच्या नकाशातच सापडतात. कर्जत नावाचा तालुका रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुणे जिल्ह्यात आहे, तसेच रत्नागिरीत. मालेगाव नाशिक जिल्ह्यात व वाशिममध्येही. कारंजा वाशिम व वर्धा या दोन्ही जिल्ह्यांत. कळंब यवतमाळमध्ये व धाराशिवमध्ये. साडेतीनशेहून अधिक तालुक्यांची एक सलग यादी फॉर्मवर दिली, तर 'कर्जत' हे नाव तीत दोनदा दिसेल आणि त्यांपैकी आपले कर्जत कोणते, हे विद्यार्थ्याला कळणार नाही. नावच साठविले असेल तर ते नंतर डेटाबेसलाही कळणार नाही.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक डेटाबेसची कल्पना मांडली, तिचा एक मुख्य हेतू असा होता की माहिती वापरणाऱ्याला ती यंत्रात कशी रचली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये. संदर्भ टेबल, त्यातील प्रायमरी की आणि दुसऱ्या टेबलातून तिच्याकडे बोट दाखविणारी फॉरेन की ही त्याच विचाराची फळे होत. तालुक्याच्या टेबलमध्ये तालुक्याचा संकेतांक, नाव आणि जिल्ह्याचा संकेतांक असे तीन रकाने ठेवले की दोन कर्जत दोन वेगळ्या नोंदी होतात. फॉर्मवर आधी जिल्हा निवडावयाचा आणि मग त्या जिल्ह्यापुरत्याच तालुक्यांची यादी भरावयाची, ही सर्वत्र आढळणारी रीत यातूनच आली. येथे एक बारकावा आहे. तालुक्याच्या संकेतांकावरून जिल्हा ठरत असल्यामुळे विद्यार्थ्याच्या नोंदीत जिल्हा पुन्हा स्वतंत्रपणे साठविण्याचे कारण नसते. तसा तो साठविला आणि विद्यार्थ्याने तालुका निवडून झाल्यावर जिल्हा बदलला, पण आज्ञावलीने तालुक्याची यादी रिकामी केली नाही, तर नाशिक जिल्हा व रायगडमधील कर्जत अशी अशक्य जोडी सुखाने टेबलमध्ये जाऊन बसते.

यादीतील स्थान म्हणजे संकेतांक नव्हे :

प्रत्येक लिस्ट कंट्रोल आपल्यातील नावांना क्रमाने शून्यापासून अंक देते. निवडलेल्या नावाचा हा क्रमांक आज्ञावलीत सहज मिळतो आणि म्हणूनच नवशिका आज्ञावलीकार पुष्कळदा तोच संकेतांक म्हणून साठवितो. चाचणी घेताना सर्व काही बरोबर दिसते, कारण यादी बदललेली नसते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक विशेष आढळते आणि तोंडी परीक्षेत ती उघडकीस येणे कठीण असते.

ती किती घातक आहे हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील जिल्ह्यांचेच उदाहरण घ्यावे. २०२३ पूर्वी वर्णानुक्रमाने लावलेली यादी अशी सुरू होत असे : अकोला, अमरावती, अहमदनगर, उस्मानाबाद, औरंगाबाद, कोल्हापूर, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, जळगाव, जालना, ठाणे, धुळे. अकोल्याला शून्य धरल्यास कोल्हापूरचा क्रमांक पाच येतो. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. संदर्भ टेबलमध्ये ही तीन नावे बदलली आणि यादी पुन्हा वर्णानुक्रमाने भरली, की ती अशी होते : अकोला, अमरावती, अहिल्यानगर, कोल्हापूर, गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, जालना, ठाणे, धाराशिव, धुळे. पाचव्या क्रमांकावर आता गोंदिया आहे. ज्या आज्ञावलीत यादीतील स्थान साठविले गेले, तिच्यात कोल्हापूरचे सर्व जुने विद्यार्थी त्या दिवसापासून गोंदियाचे झाले. चंद्रपूरचे जळगावात गेले, जालन्याचे ठाण्यात व ठाण्याचे धाराशिवमध्ये. ज्या दोन जिल्ह्यांची नावे मोठ्या अंतराने सरकली त्यांचे काय झाले, हे वाचकाने स्वतः मोजून पाहावे.

या उदाहरणातील खरी मेख मात्र पुढे आहे. धुळ्यापासून पुढचे सर्व जिल्हे दोन्ही याद्यांत त्याच क्रमांकावर राहतात. म्हणजे नागपूर, नाशिक, पुणे, सांगली किंवा सोलापूर येथील एखाद्या महाविद्यालयात नावे बदलल्यानंतर कोणी चारदोन नोंदी उघडून पाहिल्या, तर त्या बहुधा अचूकच दिसतील आणि तपासणी झाली असे मानले जाईल. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा ३६ वा जिल्हा झाला, तेव्हाही अशाच आज्ञावल्यांत उलट दिशेने घोळ झाला असता : परभणीनंतर पालघर शिरल्यामुळे पुण्याचे विद्यार्थी पालघरचे, बीडचे पुण्याचे आणि बुलढाण्याचे बीडचे दिसले असते.

संकेतांक साठविलेला असेल तर नावातील बदलासाठी संदर्भ टेबलमधील एकच नोंद बदलावी लागते आणि विद्यार्थ्यांच्या हजारो नोंदींना हातही लावावा लागत नाही. याउलट नावच साठविले असेल तर जुने आणि नवे नाव एकाच रकान्यात नांदू लागते व जिल्हावार गोषवाऱ्यात एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी येतात. अर्थात पालघरची गोष्ट निराळी आहे. ते नामांतर नव्हते, विभाजन होते. २०१२ मध्ये 'ठाणे' म्हणून नोंदलेला डहाणूचा विद्यार्थी आज कोणत्या जिल्ह्यात मोजावा, हे केवळ जिल्ह्याच्या संकेतांकावरून ठरत नाही. तालुका साठविलेला असेल तरच ते ठरते.

जोडणीच्या पद्धती :

नाव आणि संकेतांक एकाच यादीत बाळगण्याची सोय प्रत्येक विकासप्रणालीने आपापल्या रीतीने केली आहे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधील कॉम्बो बॉक्सला अनेक रकाने असतात. त्यांपैकी कोणता रकाना साठवावयाचा हे 'बाउंड कॉलम' या गुणधर्माने ठरते आणि संकेतांकाच्या रकान्याची रुंदी शून्य ठेवली की तो डोळ्यांआड होतो. ही रचना समजण्यास सोपी असल्यामुळे अध्यापनाची सुरुवात येथूनच करणे सोयीचे ठरते.

१९९८ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये हे काम आज्ञावलीकाराकडे असे. मायक्रोसॉफ्टने त्याच्या विकासप्रणालीचे साहाय्य एप्रिल २००८ मध्ये थांबविले, तरी तीत लिहिलेल्या आज्ञावल्या नंतरच्या विंडोजवरही चालत राहिल्या. म्हणून त्यातील एक सापळा अजूनही सांगण्याजोगा आहे. लिस्ट बॉक्समध्ये 'ॲड आयटम'ने नाव घालावयाचे आणि 'आयटम डेटा' या समांतर कप्प्यात त्याचा संकेतांक ठेवावयाचा, अशी रीत होती. यादीचा 'सॉर्टेड' गुणधर्म सुरू असेल तर नवे नाव शेवटी न जाता आपल्या वर्णानुक्रमाच्या जागी शिरते. ती जागा 'न्यू इंडेक्स' हा गुणधर्म सांगतो. आज्ञावलीकाराने तो न वापरता 'शेवटचे नाव' असे समजून संकेतांक ठेवला, तर तो दुसऱ्याच नावाला चिकटतो. अनेक नावांपुढे शून्य राहते आणि शेवटच्या नावाचा संकेतांक पुन्हा पुन्हा पुसला जातो. शिवाय या कप्प्यात फक्त पूर्णांक मावतो आणि तोही २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच. आपला दहा अंकी मोबाइल क्रमांकदेखील त्यात बसत नाही. अक्षरे असलेले अभ्यासक्रमाचे संकेतांक तर नाहीतच.

२००२ मध्ये आलेल्या डॉट नेटमधील विंडोज फॉर्म्सने ही जोडणी कंट्रोलच्या हाती दिली. 'डेटासोर्स'मध्ये टेबल, 'डिस्प्लेमेंबर'मध्ये दाखवावयाचा रकाना आणि 'व्हॅल्यूमेंबर'मध्ये साठवावयाचा रकाना दिला की 'सिलेक्टेडव्हॅल्यू'मधून संकेतांक मिळतो. सोय वाढली तसे सापळेही सूक्ष्म झाले. डेटासोर्स आधी आणि व्हॅल्यूमेंबर नंतर दिला, तर मधल्या क्षणी निवड बदलल्याची घटना घडून जाते व त्या वेळी संकेतांकाऐवजी संपूर्ण नोंदच हाती येते. जिल्ह्यावरून तालुके भरणारी आज्ञावली फॉर्म उघडताच कोसळते ती बहुधा याच कारणाने. उपाय साधा आहे : दोन्ही रकान्यांची नावे आधी द्यावीत, टेबल शेवटी द्यावे.

दुसरा सापळा फॉर्म कोसळवीत नाही, म्हणून अधिक धोक्याचा आहे. अर्जात सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन भाग असतात व दोन्हींत जिल्ह्याची यादी असते. दोन्ही कॉम्बो बॉक्सना मेमरीतील एकच टेबल डेटासोर्स म्हणून दिले, तर टेबलमधील 'चालू नोंद' दोघांची एकच असते. विद्यार्थी सध्याचा जिल्हा पुणे निवडतो, कायमचा जिल्हा लातूर निवडतो आणि त्याच क्षणी वरचे पुणे बदलून लातूर होते. अर्ज भरणारा तोपर्यंत पानाच्या खालच्या भागात पोहोचलेला असतो. प्रत्येक यादीला स्वतंत्र 'बाइंडिंगसोर्स' किंवा टेबलची स्वतंत्र प्रत दिली की हा दोष नाहीसा होतो.

संकेतस्थळावरील अर्जात हीच दुहेरी रचना एचटीएमएलच्या 'सिलेक्ट' आणि 'ऑप्शन' या खुणांमध्ये आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या विनिर्देशापासून ती चालत आली आहे : दिसणारा मजकूर एक, सर्व्हरकडे जाणारे मूल्य दुसरे. तेथे एवढेच ध्यानात ठेवावयाचे की यादीत नसलेले मूल्यही सर्व्हरकडे पाठविता येते. म्हणून आलेला संकेतांक संदर्भ टेबलमध्ये आहे की नाही, हे सर्व्हरने पुन्हा तपासलेच पाहिजे आणि फॉरेन कीचे बंधन डेटाबेसमध्येच असले पाहिजे.

यादी किती लांब असावी :

छत्तीस जिल्ह्यांची यादी कोणतेही कंट्रोल सहज पेलते. गावांची यादी मात्र तशी नाही. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत; विंडोज ९५ व ९८ मधील लिस्ट बॉक्सची मर्यादा ३२,७६७ नावांची होती, म्हणजे राज्यातील सर्व गावे त्यात मावलीच नसती. आज मर्यादा उरलेली नाही, पण चाळीस हजार नावे वर-खाली सरकवून आपले गाव शोधणाऱ्या माणसाची मर्यादा तीच आहे. अशा ठिकाणी दोनतीन अक्षरे टंकल्यावरच जुळणाऱ्या थोड्या नोंदी मागविणे श्रेयस्कर. नावाच्या आरंभापासून जुळणी केली तर डेटाबेसला त्या रकान्याच्या अनुक्रमणिकेचा उपयोग होतो. नावात कोठेही ती अक्षरे असावीत अशी अट घातली तर सामान्यतः सर्व नोंदी चाळाव्या लागतात. २००५ मधील डॉट नेट २.० पासून 'लिस्टव्ह्यू'ला मिळालेली व्हर्च्युअल पद्धत पडद्यावर दिसणाऱ्या ओळींपुरत्याच नोंदी मागते, त्यामुळे मोठे तक्ते दाखविण्यास ती उपयोगी आहे. निवड करण्याच्या यादीला तिची गरज क्वचितच पडते.

विद्यार्थी शोधण्याच्या यादीत लांबीपेक्षा नामसाधर्म्य अधिक अडविते. एकाच वर्गात एकाच नावाचे व आडनावाचे दोन विद्यार्थी असणे नवलाचे नाही. तेथे नावाबरोबर हजेरी क्रमांक व आईचे नाव हे रकाने दिसलेच पाहिजेत. जागा वाचविण्यासाठी ते लपविणे म्हणजे गुण भलत्याच्या नावावर जाण्याला वाट करून देणे होय.

देवनागरी यादीचा क्रम :

व्हिज्युअल बेसिक ६ मधील मूळ कंट्रोल युनिकोड जाणत नव्हती आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी स्वतंत्र एएनएसआय संकेतप्रणाली कधी नव्हतीच. त्यामुळे युनिकोडमधील मराठी नावे त्या लिस्ट बॉक्समध्ये प्रश्नचिन्हांच्या रूपाने दिसत. यावर तोडगा म्हणून अनेक कार्यालयांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट वापरले. यादी मराठी दिसे. पण आतले संकेत रोमन असल्याने तिचा क्रम वर्णमालेशी जुळत नसे. अशा जुन्या डेटाबेसचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना ही पार्श्वभूमी माहीत असावी लागते.

युनिकोड आले तरी क्रमाचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. युनिकोडमध्ये ल चा संकेत ०९३२, ळ चा ०९३३, व चा ०९३५ आणि ह चा ०९३९ आहे. मराठी वर्णमालेत मात्र ळ हा ह नंतर येतो आणि त्यापुढे क्ष व ज्ञ येतात. केवळ संकेताच्या क्रमाने लावलेल्या यादीत कल्याण, कळंब, कवठे महांकाळ असा क्रम मिळतो. वर्णमालेच्या रीतीने तो कल्याण, कवठे महांकाळ, कळंब असा हवा. क्षीरसागर हे आडनाव संकेताच्या क्रमाने क च्या बाराखडीनंतर व ख च्या आधी पडते. ते शेवटी शोधणाऱ्याला सापडत नाही. कोणता क्रम स्वीकारावा यावर मतभेद होऊ शकतील, परंतु एकाच प्रणालीत दोन क्रम असणे निश्चितच अयोग्य आहे. डेटाबेसने एका नियमाने लावलेल्या नोंदी घेऊन कंट्रोलने त्या पुन्हा आपल्या नियमाने लावल्या की तसे घडते. क्रम डेटाबेसकडूनच मागवावा आणि तो स्पष्टपणे मागवावा, कारण 'ऑर्डर बाय' न लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर कोणत्या क्रमाने येईल याची हमी कोणताही संबंधात्मक डेटाबेस देत नाही.

याहून फसवे उदाहरण 'वऱ्हाडे', 'गोऱ्हे' यांसारख्या आडनावांचे. यातील र चे अर्धे रूप दोन प्रकारे साठविले जाऊ शकते : ०९३१ हा ऱ चा संकेत व हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. डेटाबेसच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द असू शकतात. म्हणून एकाच आडनावाच्या दोन याद्या पडतात, शोध घेतला तर निम्मे विद्यार्थी मिळतात आणि यादीत तेच नाव दोनदा का येते हे कोणाला समजत नाही. नोंद साठवितानाच मजकूर एका ठरावीक रूपात आणणे हाच यावरचा उपाय आहे.

शेजारची निवड :

जोडणी अचूक असली तरी माणसाचा हात चुकतो. ॲश, बर्ग व कोइएरा यांनी २००४ मध्ये रुग्णालयांतील संगणकप्रणालींच्या अनपेक्षित परिणामांची चर्चा करताना हव्या त्या नावाऐवजी त्याच्या शेजारचे निवडले जाणे या चुकीची स्वतंत्र नोंद घेतली आहे. रुग्णालयात ते शेजारचे औषध असते. आपल्याकडील प्रवेश अर्जात ते विमुक्त जाती (अ), भटक्या जमाती (ब), (क) आणि (ड) यांपैकी एक असते. संक्षेपाने 'विजा-अ', 'भज-ब', 'भज-क', 'भज-ड' असे लिहिलेले हे प्रवर्ग यादीत एकाखाली एक येतात व एका अक्षराने भिन्न असतात. राज्यातील आरक्षण मात्र त्यांना अनुक्रमे ३, २.५, ३.५ व २ टक्के असे वेगवेगळे आहे. एक ओळ चुकली की प्रवेशाची गुणवत्ता यादीच बदलते. येथे संक्षेप न वापरता पूर्ण नाव दाखविणे, आणि निवडीनंतर जातीच्या दाखल्यावरील जात व प्रवर्ग यांचा मेळ आज्ञावलीनेच तपासणे शक्य आहे, कारण प्रत्येक जातीचा प्रवर्ग शासनाच्या यादीत ठरलेला आहे.

माउसच्या चाकाकडेही दुर्लक्ष होऊ नये. विंडोज फॉर्म्समधील कॉम्बो बॉक्समध्ये निवड केल्यावर तो सक्रियच राहतो. पान खाली नेण्यासाठी लिपिक चाक फिरवितो. पान हलत नाही, निवड हलते. अनुभवी लिपिक वेगाने काम करतात, त्यामुळे ही चूक त्यांच्याच हातून अधिक होण्याचा संभव असतो. हा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. चाकाची घटना कंट्रोलपर्यंत पोहोचू न देणे हे आज्ञावलीकाराचे काही ओळींचे काम आहे.

फॉर्म उघडताच यादीतील पहिले नाव आपोआप निवडलेले असणे, हाही असाच दोष. डेटासोर्स दिलेली यादी सामान्यतः तसेच करते. घाईत राहून गेलेला रकाना मग रिकामा न राहता 'अकोला' होतो. आरंभी 'निवडा' अशी ओळ हवी. परंतु डेटासोर्सशी बांधलेल्या यादीत ती थेट घालू दिली जात नाही, म्हणून ती टेबलच्या प्रतीत किंवा मूळ प्रश्नातच मिळवावी लागते आणि तिचे मूल्य साठविण्यापूर्वी नाकारावे लागते.

जुनी नोंद पुन्हा उघडताना :

यादी नवी नोंद भरण्यासाठी असते तशीच जुनी नोंद दाखविण्यासाठीही असते. महाविद्यालयाने एखादा विषयगट बंद केला की तो संदर्भ टेबलमधून काढून टाकता येत नाही, कारण जुने विद्यार्थी त्याच्याशी बांधलेले असतात. म्हणून त्यापुढे 'बंद' अशी खूण करून यादीत फक्त चालू विषयगट दाखविले जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अभ्यासक्रमांची रचना बदलल्यावर अशा बंद नोंदींची संख्या बरीच वाढली आहे. आता चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या विद्यार्थिनीचा पत्ता दुरुस्त करण्यासाठी तिची नोंद उघडली, तर तिचा विषयगट यादीत नसल्याने तो रकाना रिकामा दिसतो. लिपिक पत्ता दुरुस्त करून नोंद साठवितो आणि त्याबरोबर तिचा विषयगटही पुसला जातो. किंवा रकाना रिकामा राहू दिला जात नसेल तर लिपिक यादीतील जवळचा वाटणारा विषयगट निवडतो. दोन्ही प्रसंगी गुणपत्रकाच्या दुय्यम प्रतीसाठी ती आल्यावरच हे लक्षात येते. दुरुस्तीच्या फॉर्मवरील यादीत सर्व चालू नोंदी आणि त्या विद्यार्थिनीची स्वतःची जुनी नोंद, अशी बेरीज असली पाहिजे. डेटाबेसला विचारावयाच्या प्रश्नात त्यासाठी एक जादा अट पुरते.

नामांतराच्या बाबतीत याच्या उलट काळजी घ्यावी लागते. १९९५ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दाखल्याची प्रत देताना त्यावर त्या वेळचे नाव यावे की आजचे, हा प्रशासकीय निर्णय आहे. परंतु तो घेता येण्यासाठी संदर्भ टेबलमध्ये एका संकेतांकापुढे नाव आणि ते कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत प्रचलित होते, हे साठविलेले असावे लागते. जुन्या नावावर नवे नाव थेट लिहून टाकले तर पर्यायच उरत नाही.

वापरात असलेल्या प्रणालीची या दृष्टीने तपासणी करण्यास आज्ञावलीचा मजकूर हाती असण्याची गरज नाही. विद्यार्थ्यांच्या टेबलमधील असे संकेतांक मागवावेत की ज्यांना संदर्भ टेबलमध्ये जोडीदार नाही. जिल्हा व तालुका परस्परांशी न जुळणाऱ्या नोंदी मागवाव्यात. सध्याचा व कायमचा जिल्हा सर्वच नोंदींत एक आहे काय, हे पाहावे. वर्णानुक्रमाच्या आरंभीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा प्रत्येक भागातील काही जुने अर्ज कागदावरून ताडून पाहावेत. आणि सिंधुदुर्गातील एखाद्या महाविद्यालयात अकोला जिल्ह्याचे विद्यार्थी दोनशे निघाले, तर प्रथम यादीतील पहिली ओळ कोणती आहे ते पाहावे.